जुन्या ट्रॅक्टरवर डायनामोऐवजी अल्टरनेटर: ब्रॅकेट, बेल्ट आणि वायरिंग



आजचा मेसेज पिकाचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. लांब आहे, सवडीने वाचा. आणि ट्रॅक्टर मेकॅनिककडे लावायच्या आधी एकदा परत वाचा.

उसाचा हंगाम तोंडावर आलाय. आपले बरेच सभासद वाहतुकीला जुनेच ट्रॅक्टर लावतात. मॅसी १०३५, महिंद्रा बी-२७५, एचएमटी २५११, जुनी एस्कॉर्ट. इंजिनं अजून ठणठणीत आहेत, पण बॅटरी चार्ज होत नाही, लाइट पिवळे पडतात, सकाळी धक्का मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही. त्यामुळे सध्या रोज एकच प्रश्न येतोय, "डायनामो काढून अल्टरनेटर टाकू का? मेकॅनिक म्हणतो दोन तासांचं काम आहे."

अल्टरनेटर लावणं दोन तासांचं काम आहेच. तो हंगामभर जागेवर राहील असा लावणं मात्र थोडं जास्त काम आहे. फरक पडतो तो ब्रॅकेटमध्ये. म्हणून या मेसेजमध्ये ब्रॅकेटवर जास्त लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

आधी गरज आहे का ते बघा. तुमचा ट्रॅक्टर दिवसा नांगर, रोटावेटर आणि पेरणी एवढंच करत असेल, तर डायनामोचे कार्बन बदलून, कॉम्युटेटर साफ करून आणि कटआउट तपासून काम भागतं. उगाच खर्च करू नका. रात्रीच्या वाहतुकीचं गणित वेगळं आहे. पुढचे दोन हेडलाइट ५५ वॅटचे धरले तर ११० वॅट झाले. मागे भरताना लागणारा नांगर लाइट ५५ वॅट. ट्रॅक्टरचे आणि दोन ट्रॉल्यांचे मिळून सहा मागचे दिवे, ५ वॅटप्रमाणे ३० वॅट. एकूण १९५ वॅट. १२ व्होल्टला हे १६ अँपिअर होतात. इंडिकेटर आणि हॉर्न यात धरलेलेच नाहीत, आणि स्टार्टर मारून खाली झालेली बॅटरी भरायचीय तीही वेगळी. जुन्या ट्रॅक्टरवरचा डायनामो फार तर ११ ते २२ अँपिअर देतो, तेही इंजिन रेसवर असताना. कारखान्याच्या रांगेत इंजिन आयडलला गुरगुरत उभं असतं तेव्हा तो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा लोड बॅटरीवर. पहाटे तीनला रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत निघताना मागचा लाल दिवा विझलेला असतो. मागून भरधाव येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसत नाही. असे अपघात आपण दर हंगामात ऐकतो. म्हणून रात्री रस्त्यावर जाणाऱ्यांनी हे काम पुढे ढकलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. (रिफ्लेक्टर पट्ट्या तरीही लावाच. त्यांना करंट लागत नाही.)

अल्टरनेटर केवढा घ्यायचा? आपल्या कामाला ३५ ते ४५ अँपिअरचा, रेग्युलेटर आतच असलेला पुरतो. जीप-टेम्पोचा ९० अँपिअरचा मोठा नग स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. तो जड असतो, बेल्टवर ताण जास्त येतो आणि जुनी वायर तेवढा करंट सोसत नाही. रिपेअर केलेला घेणार असाल तर दुकानात बेंचवर फिरवून व्होल्टेज दाखवायला सांगा, पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि बिल घ्या.

आता ब्रॅकेट.

डायनामो लांबट असतो, नळकांड्यासारखा. त्याचे दोन पाय पुढे आणि मागे, एकमेकांपासून बरेच लांब असतात, आणि इंजिनवरचा ब्रॅकेट त्या मापाचा असतो. अल्टरनेटर आखूड आणि जाडा. त्याचे खालचे कान जवळजवळ असतात, काहींना तर एकच कान असतो. त्यामुळे जुन्या ब्रॅकेटमध्ये पुढचा कान बसतो आणि मागे मोठी फट राहते. इथेच सगळा घोळ होतो. घाईत वॉशरवर वॉशर घालून फट भरली जाते, किंवा फट तशीच ठेवून बोल्ट जोरात आवळला जातो. अल्टरनेटरचं अंग ॲल्युमिनियमचं असतं. आवळताना कान वाकतो आणि महिन्याभरात तडकतो. वॉशरची चळत इंजिनच्या थरथरीने दबत जाते, बोल्ट ढिला होतो, मग भोकच अंडाकृती होतं. दोन-तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन कारसारखं शांत नसतं, चार-पाच किलोचा नग ते दिवसभर हलवत असतं.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तयार ब्रॅकेट. यातल्या बऱ्याच इंजिनांच्या नंतरच्या मॉडेलला कंपनीतूनच अल्टरनेटर आला आहे. स्पेअरच्या दुकानात इंजिनचं मॉडेल सांगून अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि ॲडजस्टर पट्टी असं मागा. मिळालं तर ब्लॉकवरच्या त्याच भोकांवर बसतं का ते ताडून बघा आणि फॅब्रिकेशनच्या भानगडीत पडू नका. चार ठिकाणी फिरावं लागलं तरी फिरा.

नाहीच मिळालं तर बनवून घ्या, पण या गोष्टी स्वतः उभं राहून बघा.

पट्टी किमान ८ मिमी जाडीची लोखंडी घ्यायला सांगा. ५ मिमीचा अँगल बघायला बरा वाटतो, पण थरथरीत वेल्डिंगच्या कडेला चिरतो. ब्रॅकेट इंजिनवरून हातासारखा बाहेर आलेला असेल तर त्याला कोपऱ्यात तिरपी त्रिकोणी पट्टी मारून घ्या. नुसत्या काटकोनी जोडावर नग लटकवायचा नाही.

ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकला आधीपासून असलेल्या भोकांवरच बसवायचा. ब्लॉकला नवीन भोक पाडू देऊ नका, वेल्डिंग तर अजिबात नको. ब्लॉक बिडाचा असतो, तो तडकतो, आणि पलीकडे पाणी किंवा ऑइल असू शकतं. ब्रॅकेट वाढल्यामुळे लांब बोल्ट लागतो तेव्हाही बघा, की पट्टी जेवढी जाड झाली तेवढाच बोल्ट लांब घेतलाय. जास्त लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. वरून घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण ब्रॅकेट ढिलाच राहतो. आणखी जोर लावला तर बीड फुटतं.

मागची फट वॉशरने भरायची नाही, तिथे एकच बुश बसवायचा. फट व्हर्नियरने मोजा आणि लेथवाल्याकडून जाड नळीचा तेवढ्याच लांबीचा बुश कापून घ्या, दोन्ही तोंडं फेस केलेली. काही अल्टरनेटरच्या मागच्या कानात एक लोखंडी बुश सरकता असतो. तो गंजला म्हणून ठोकून काढून टाकू नका. बोल्ट आवळला की तो सरकून ब्रॅकेटला टेकावा आणि कानावर ताण येऊ नये, यासाठीच कंपनीने तो दिलेला असतो. थोडं ऑइल सोडून मोकळा करा. खालचा बोल्ट पुढून मागे आरपार जाणारा एकच असावा, भोकात खेळ नसावा, डोक्यावर ८.८ छापलेलं असावं आणि नट नायलॉकचा. बाजारातला साधा मऊ बोल्ट इथे चालत नाही.

हे सगळं झालं की पुलीची लाइन. क्रँकची पुली, वॉटर पंपाची पुली आणि अल्टरनेटरची पुली, तिन्ही एका रेषेत हव्यात. नुसत्या नजरेने ठरवू नका. सरळ लोखंडी पट्टी किंवा ताणलेला दोरा क्रँक आणि वॉटर पंपाच्या पुलीच्या तोंडाला लावा आणि अल्टरनेटरपर्यंत न्या. पुल्यांच्या कडांची जाडी वेगवेगळी असेल तर कड धरू नका, खाचेचा मध्य धरून मोजा. दोन पुल्यांमध्ये एक फूट अंतर असेल तर फरक अर्ध्या सुतापेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बुश पुढे-मागे करून लाइनवर आणा. बेल्ट ताणून काही उपयोग होत नाही. अल्टरनेटर मागून बघितला तर तिरका बसलेलाही नसावा, त्याचा शाफ्ट क्रँकला समांतर हवा.

लाइनवर मी एवढा जोर का देतोय? आपल्या बहुतेक जुन्या इंजिनांत पंखा, वॉटर पंप आणि डायनामो हे तिन्ही एकाच बेल्टवर असतात. पुली लाइनमध्ये नसली की बेल्टची एक बाजू घासते, काळी भुकटी पडते आणि एक दिवस बेल्ट उडतो. तेव्हा नुसतं चार्जिंग बंद पडत नाही, वॉटर पंपही थांबतो. भरल्या ट्रॉलीसह चढाला इंजिन गरम होऊन हेड गेलं, तर अल्टरनेटरचा खर्च त्यापुढे काहीच नाही. म्हणून एक बेल्ट नेहमी टूलबॉक्समध्ये ठेवा, अगदी नव्या फिटिंगवरसुद्धा.

पुलीचा आकारही बघा. जुन्या डायनामोची पुली काढून अल्टरनेटरवर चढवायचा मोह होतो. एक तर शाफ्टचा व्यास बहुधा जुळत नाही. दुसरं म्हणजे ती मोठी असते, त्यामुळे अल्टरनेटर हळू फिरतो. क्रँक पुली १५० मिमी आणि अल्टरनेटरची पुली ७० मिमी असेल तर इंजिनच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे २ पेक्षा थोडे जास्त फेरे होतात. आयडलला इंजिन ६५० आरपीएमवर असताना अल्टरनेटर साधारण १४०० वर जातो आणि चार्जिंग सुरू राहतं. तिथे ९० मिमीची पुली लावली तर तो १०८३ वरच राहतो, म्हणजे रांगेत उभं असताना परत तीच रड. अल्टरनेटरसोबत आलेलीच पुली वापरा, फक्त तिची खाच तुमच्या बेल्टच्या रुंदीची आहे ना ते बघा. बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून बसला पाहिजे. तो खाचेच्या तळाला टेकत असेल तर कितीही ताणा, घसरणारच.

पुली बदलली आणि नगाची जागा हलली की जुन्या लांबीचा बेल्ट बहुतेक बसत नाही. अल्टरनेटर इंजिनकडे पूर्ण ढकला, मग ॲडजस्टर पट्टीच्या खाचेत थोडासा बाहेर घ्या. तिन्ही पुल्यांभोवती सुतळी फिरवून माप काढा आणि त्या मापाचा बेल्ट दुकानात बघा. बेल्ट हाताने चढला पाहिजे. टॉमीने उचकटून चढवलेला बेल्ट आतले दोरे तुटल्यामुळे लवकर जातो.

ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या मागच्या भागावर टेकवू नका, तिथे डायोड आणि पातळ झाकण असतं. लाकडाचा दांडा पुढच्या जाड भागावर लावा. सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १० ते १२ मिमी खाली गेला की बास. काही जणांना बेल्ट तारेसारखा वाजला पाहिजे असं वाटतं. तसा ताण वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. नवीन बेल्ट पहिल्या एक-दोन तासांत सैल पडतोच. तेव्हा परत ताणा, आणि १० तासांनी पुन्हा एकदा बघा.

बॉनेट लावून बघितल्याशिवाय काम झालं म्हणू नका. अल्टरनेटरच्या मागे करंटचा मुख्य बोल्ट असतो, त्यात बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली बंद असली तरी. तो डिझेलच्या पाइपला, ऑइल फिल्टरला किंवा बॉनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये. किमान दोन बोटं अंतर हवं आणि वर रबरी टोपी हवीच. सायलेन्सरच्या पाइपाशेजारी नग येत असेल तर मध्ये पत्र्याची आड लावा.

वायरिंग. सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सगळं झाल्यावर शेवटी लावा. त्याआधी एक गोष्ट नक्की बघा. बॅटरीचं कुठलं टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलंय? काही जुन्या इंग्लिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अंगाला असायचं. अल्टरनेटरला निगेटिव्ह अंगाला लागतं. उलटं जोडलं तर डायोड त्याच क्षणी जळतात. तसं असेल तर बॅटरीची टोकं बदला, अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करा. स्टार्टरला याने फरक पडत नाही, तो त्याच दिशेने फिरतो.

जुना कटआउट आता काढून टाकायचा. अल्टरनेटरच्या आत रेग्युलेटर आहे. कटआउटवरून लाइट, हॉर्न आणि किल्लीकडे गेलेल्या वायरी बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला एकत्र जोडाव्या लागतात, नाहीतर सगळंच बंद पडेल. डायनामोकडे गेलेल्या दोन वायरींना काम उरत नाही. त्यांची टोकं टेप मारून बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका.

मुख्य वायर नवीनच टाका, किमान ६ चौरस मिमी तांब्याची, जमलं तर १०. अल्टरनेटरच्या बी प्लसवरून थेट स्टार्टरच्या त्या बोल्टवर न्या, जिथे बॅटरीची जाड केबल येते. मध्ये ५० अँपिअरचा फ्यूज. जुन्या डॅशबोर्डच्या अँपिअर मीटरमधून हा करंट नेऊ नका. तो मीटर आणि त्याच्या वायरी ११ अँपिअरच्या जमान्यातल्या आहेत, डॅशबोर्डखाली तापून धूर निघतो. मीटरची सवय असेल तर त्या जागी व्होल्ट मीटर बसवा, तो खरं तर जास्त सांगतो. आणि रंग मारलेल्या नवीन ब्रॅकेटमधून अर्थिंग नीट होत नाही, त्यामुळे अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनच्या ब्लॉकला एक वेगळी अर्थिंग वायर द्या. हे बहुतेक जण विसरतात.

दुसरी बारीक वायर चार्जिंगच्या लाल दिव्याची. किल्लीतून दिवा, दिव्यातून अल्टरनेटरचं डी प्लस टोक. हा दिवा नुसता दाखवायला नाही. त्यातून जाणाऱ्या थोड्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. म्हणून तिथे साधा ३ वॅटचा बल्ब घाला, एलईडी नको. किल्ली दिली की दिवा लागला पाहिजे, इंजिन चालू करून थोडी रेस दिली की विझला पाहिजे. किल्ली दिल्यावर लागलाच नाही तर आधी बल्ब बघा, लगेच अल्टरनेटर खोलू नका. चालू इंजिनवर मंद पेटत राहिला तर आत डायोड किंवा रेग्युलेटरची तक्रार आहे.

आणि चालकाला हे समजावून सांगा: आपलं जुनं डिझेल इंजिन स्टॉपर ओढून बंद होतं, किल्लीने नाही. स्टॉपर ओढल्यावर किल्लीही बंद करायची. किल्ली चालू राहिली तर करंट अल्टरनेटरमध्ये जात राहतो आणि सकाळी बॅटरी पुन्हा उतरलेली. मग लोक नव्या अल्टरनेटरला शिव्या देतात.

तपासणी मल्टिमीटरने करा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवून बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ आलं पाहिजे. सगळे लाइट लावल्यावर थोडं उतरेल, पण १३ च्या खाली जायला नको. १४.८ च्या वर जात असेल तर ट्रॅक्टर कामाला लावू नका. बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब उडतात, रेग्युलेटर बदलूनच घ्या.

चार्जिंग आहे का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर उपटून बघायची पद्धत आपल्याकडे आहे. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरचे डायोड तेवढ्याने जातात. तसंच ट्रॉलीला किंवा ट्रॅक्टरला वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची मुख्य वायर काढून ठेवा. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना टोकं उलटी लागली तरी तोच परिणाम. आणि धुताना पाण्याचा फवारा नगाच्या जाळीत मारू नका. पाचट-भुसा अडकला असेल तर हवेने काढा.

बेल्टपुढची जाळी परत बसवल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर काढू नका. नवीन नगामुळे जाळी बसत नसेल तर ती कापून सारखी करा, फेकून देऊ नका. उपरणं, ओढणी किंवा धोतराचा सोगा बेल्टमध्ये जायला क्षण पुरतो. चालू इंजिनवर बेल्टचा ताण हाताने बघायचा नाही, आणि जवळ लहान पोरं उभी करायची नाहीत.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी इंजिन गार असताना ब्रॅकेटचे बोल्ट पान्याने तपासा. बोल्टच्या डोक्याभोवती किंवा वेल्डिंगच्या कडेला लालसर, गंजासारखी बारीक भुकटी दिसली तर तिथे काहीतरी हलतंय किंवा चीर पडतेय. तेव्हाच थांबा आणि दुरुस्त करा, खेप नंतर.

ज्यांना ब्रॅकेट बनवून घ्यायचाय त्यांनी माझ्या नंबरवर तीन फोटो पाठवा: इंजिनची ती बाजू, समोरून तिन्ही पुल्या आणि काढलेल्या डायनामोच्या शेजारी ठेवलेला अल्टरनेटर. सोबत मोजलेली फट लिहा. येत्या शनिवारी सकाळी १० ते १२ मी मल्टिमीटर घेऊन संकलन केंद्रावर आहे. ट्रॅक्टर चालवत आणा, आणि बॅटरीची टोकं आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन, घासून ठेवा, म्हणजे वेळ जाणार नाही.